साधा विश्वास हवा असेल तर आधी धार्मिक गोंगाट कमी करा

प्रश्न विचारणारे भाऊ चौतीस वर्षांचे आहेत. हिंजवडीत नोकरी, मूळचे राहुरीकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती घराणं. ते लिहितात, सकाळी फोन हातात घेतला की मंडळीच्या (चर्चच्या), तरुणसंघाच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर वचनांची चित्रं आणि प्रार्थनेच्या विनंत्या रांगेत उभ्या असतात. ऑफिसच्या बसमध्ये कानात कुणीतरी उपदेशक असतो. एक म्हणतो हे आशीर्वादाचं वर्ष आहे, दुसरा म्हणतो अंतकाळ, म्हणजे जगाचा शेवट, दाराशी आलाय, तिसरा म्हणतो तुमची मंडळीच मेलेली आहे. रात्री बायबल उघडलं की दोन ओळींत मन उडून जातं. ‘जगाच्या या गोंगाटात साधा, एकाग्र विश्वास टिकवायचा कसा?’

भाऊ, तुम्ही दिलेली यादी पुन्हा एकदा वाचा. त्यात जग कुठे आहे? क्रिकेट नाही, राजकारण नाही, वेबसिरीज नाही, शेअर बाजार नाही. तेही असेलच, पण ते लिहावंसं तुम्हाला वाटलं नाही. तुम्ही लिहिलेला गोंगाट सगळा धार्मिक आहे. नगर जिल्ह्यातल्या आणि पुण्यातल्या मराठी मंडळ्यांत पाळक म्हणून माझं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे, तरी तरुण मंडळी येऊन बसतात, आणि बहुतेकांचं दुखणं हेच असतं. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: जगाशी नंतर भांडू, आधी भक्तीच्या नावाने जे कानावर आदळतंय ते कमी करा.

हे कमी करणं जास्त अवघड आहे, आणि त्याला कारण आहे. तासभर सिनेमा पाहिला तर आपल्या लोकांचं मन थोडं तरी खातं. तासभर उपदेश ऐकला तर मन खात नाही, उलट आज काहीतरी झालं असं वाटतं. पण झालं काय? प्रार्थना झाली नाही, कुणाला भेटणं झालं नाही, कुणाची क्षमा मागणं झालं नाही. दुसऱ्या माणसाने देवाविषयी बोललेलं ऐकलं, एवढंच. ऐकणं वाईट नाही. ऐकण्यातच सगळं उरकतं, हे वाईट.

बायबलातल्या लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती ‘संसारात गुंतलेली बाई’ म्हणून सोडून देतो. नीट पाहा, ती संसारात गुंतलेली नाहीच. ती प्रभूच्याच पाहुणचारात गुंतली आहे. घरात येशू बसला आहे, त्याच्यासाठीच धावपळ चालली आहे, आणि त्या धावपळीत त्याच्याकडे लक्ष नाही. आपल्या मंडळ्यांतल्या निम्म्या कार्यक्रमांचं वर्णन याहून वेगळं करता येईल असं मला वाटत नाही. नाताळच्या महिन्यात तर नाहीच. पण त्याच अध्यायात, मार्थेच्या गोष्टीच्या लगेच आधी, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, आणि तिथे प्रभू म्हणतो, जा आणि तसंच कर. लूकने दोन्ही शेजारी ठेवले आहेत. एकच घेतला की माणूस एकतर नुसता बसून राहतो, नाहीतर नुसता धावत राहतो.

आता तुमच्या ग्रुपकडे येऊ. सकाळच्या चित्रांतलं सर्वांत लाडकं वचन कुठलं, हे मला विचारायची गरज नाही: यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य देणारे आहेत. मागे सूर्योदय, खाली गुलाबाची फुलं. नोकरीची मुलाखत असो, व्हिसा असो, लग्न जमवायचं असो, हे वचन हजर. आता त्याच्या आधीचं, दहावं वचन वाचा. हे पत्र बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि देव त्यांना सांगतो की सत्तर वर्षं झाल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. सत्तर वर्षं! ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकलं, त्यांतले बहुतेक लोक बाबेलातच मरणार होते. खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते की लवकरच घरी जाल. यिर्मयाचं पत्र त्या आश्वासनाला छेद देण्यासाठी आलं. आणि पाचव्या ते सातव्या वचनांत काय आहे? घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्या शहराचं हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. राहुरी सोडून हिंजवडीत फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या माणसासाठी यापेक्षा नेमका मजकूर पवित्र शास्त्रात सापडणं कठीण. पण तो चित्रात मावत नाही, म्हणून तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

फिलिप्पै ४:१३चीही तीच गत. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो’ हे जिमच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं पाहिलंय मी. पौल तुरुंगातून लिहितोय, आणि आधीच्याच ओळीत तो सांगतोय की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्हींचा मला सराव आहे. उपाशी राहूनही समाधानी राहता येतं, हा त्याचा मुद्दा. प्रमोशनचा नाही.

तर पहिली गोष्ट: सुटी वचनं घेणं थांबवा. एक शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं एक पुस्तक, घ्या, आणि तेच. मी मार्क घ्यायला सांगतो. सोळा अध्याय आहेत, मोठ्याने सलग वाचलं तरी दोन तासांच्या आत संपतं, आणि त्यात येशू फार बोलत बसत नाही, चालत राहतो. रोज एक अध्याय, छापील पुस्तकातून, शक्यतो ओठ हलवून. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या चौथ्या फेरीला कंटाळा येईल. येऊ द्या. कंटाळा आल्यावरही वाचत राहिलं की आजवर नजरेतून सुटलेल्या गोष्टी दिसू लागतात: किती वेळा तो ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो, शिष्यांना किती वेळा कळत नाही, आंधळ्या बार्तीमयाला तो चक्क ‘मी तुझ्यासाठी काय करावं’ असं विचारतो. कुठला अनुवाद घ्यावा यावर फार डोकं लावू नका. बायबल सोसायटीचा जुना घरात असेल तर तोच. लेकरांना तो जड जातो, त्यांच्यासाठी सोप्या भाषेतली आवृत्ती आणा. मात्र एकदा ठरवला की वर्षभर तोच ठेवा. फोनवर पाच अनुवाद शेजारी शेजारी लावून बसणं हा अभ्यास असेल, भक्ती नाही. आणि फोनवर वाचूच नका. वचनाच्या वर बॉसचा मेसेज उतरतो, आणि मग वचन हरतं.

थोडकं वाचून माणसाचं काय होतं, याचं आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला आणि वाचून पाहण्याचं वचन घेतलं. टिळक विद्वान माणूस, वाचायला लागले ते टीकाकाराच्या नजरेनेच. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी पोहोचले आणि डोंगरावरच्या प्रवचनातून त्यांना पुढे सरकता येईना. तीन अध्याय आहेत ते सगळे मिळून. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यासाठी काय किंमत मोजली, लक्ष्मीबाईंनी काय सोसलं, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. त्यांच्या हातात आजच्या तुमच्या फोनच्या हजाराव्या हिश्शाएवढंही साहित्य नव्हतं.

टिळकांचीच आणखी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते, कारण ती जरा उलट्या बाजूची आहे. १९१७ साली त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एकत्र यावेत, परदेशी साचा गळून पडावा, ही ओढ. मला ती ओढ फार जवळची आहे. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे तो दरबार फार काळ चालला नाही. एका मोठ्या माणसाच्या आत्म्यावर उभं राहिलेलं साधेपण त्याच्याबरोबर जातं. रविवारची रटाळ उपासना, हजेरीवही, वर्गणी, पावती पुस्तक, हे सगळं नीरस असतं, पण नातवंडांपर्यंत विश्वास पोहोचवण्याचं काम तेच करतं.

म्हणून दुसरी गोष्ट: एक मंडळी. तिसऱ्या उपदेशकाने तुमची मंडळी मेलेली आहे असं सांगितलं ना? त्याला तुमचं नाव माहीत आहे का? तुमचे वडील आजारी पडले तर तो ससूनच्या वॉर्डात येईल का? त्याचा हिशेब कोण तपासतं? चुकला तर त्याला कोण बोलतं? पडद्याच्या खालच्या बाजूला खातं नंबर आणि क्यूआर कोड फिरतोय का? हे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. गावात नवा उपदेशक आला की आमचे म्हातारे वडील, म्हणजे मंडळीचे वडील, हेच विचारत असत.

अंतकाळवाल्यांबद्दल एवढंच. मार्क १३:३२ मध्ये प्रभू सांगतो की त्या दिवसाविषयी कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, नाही. ज्याची गणितं पुत्राच्याही पुढे गेलीत, त्याला ऐकण्यात वेळ का घालवायचा? अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या येण्याचा दिवस धरला होता. अनेकांनी कामधंदा सोडला. दिवस उजाडला, मावळला. त्यानंतरही तारखा काढणं थांबलेलं नाही. प्रभू जागे राहा म्हणतो, आणि मार्कमध्ये त्याने दिलेलं उदाहरण आपापलं काम नेमून दिलेल्या चाकरांचं आहे. ज्याला त्याचं काम. आकाशाकडे पाहत बसायला कुणालाच नेमलेलं नाही.

तुमची मंडळी रटाळ असेल. कमिटीत भांडणं असतील, जमिनीचे दावे असतील, निवडणुकीच्या वेळी उपासनेपेक्षा आवारात जास्त गर्दी असेल. मला माहीत आहे, मी त्यातून गेलोय. तिथे माझा सल्ला असा की प्रेक्षक होऊ नका. भांडणाची बातमी रोज ताजी ठेवणारे काही लोक प्रत्येक मंडळीत असतात, त्यांच्याजवळ चहाला थांबू नका, आणि एखादं छोटं, न दिसणारं काम अंगावर घ्या. संडे स्कूलच्या लहान वर्गाला शिकवणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना उपासनेला गाडीवर आणणं, प्रभुभोजनाची भांडी धुणं. भांडी धुणाऱ्याला मंडळीचं जे रूप दिसतं ते कमिटीच्या खुर्चीतून दिसत नाही. आणि प्रभुभोजन चुकवू नका. बाकी सगळं ऑनलाइन मिळेल, गाणं, उपदेश, प्रार्थना, दानाची पावतीसुद्धा. भाकर आणि प्याला मात्र तुम्हाला उठून, चालत जाऊन, ज्याच्याशी पटत नाही अशा माणसाच्या शेजारी गुडघे टेकूनच घ्यावा लागतो.

ग्रुप. सगळे एका रात्रीत सोडू नका, गावभर चर्चा होते आणि उत्तरं देण्यात तुमचा आठवडा जाईल. एक ठेवा, बाकीचे म्यूट करा. ज्या एका ग्रुपवर विनंती येईल, तिथे ‘आमेन’ किंवा जोडलेले हात टाकण्याआधी खरोखर प्रार्थना करा, तिथल्या तिथे, अर्धं मिनिट. मग जमलं तर त्या माणसाला फोन करा. ‘आमेन’ टाकून पुढे सरकणं ही सवय फार खोल जाते. काही दिवसांनी आपण खरंच प्रार्थना केली होती की नुसतं बटण दाबलं होतं, हे आपल्यालाच आठवेनासं होतं. आणखी एक, जरा आडवळणाचं पण सांगून टाकतो: लोकांची दुखणी प्रार्थनेच्या नावाखाली पसरवू नका. कुणाच्या मुलीचा गर्भपात झाला, कुणाचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात आहे, हे ‘कृपया प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणत दोनशे जणांना कळवलेलं मी पाहिलं आहे. पूर्वी निरोप घेऊन कुणीतरी दाराशी येई, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगे.

तुमची आई गावाहून रोज सकाळी वचन पाठवते असं तुम्ही लिहिलंय. तिला म्यूट करू नका. तिचा तो ‘उठलास का’ असा निरोप आहे. रविवारी तिला फोन करून विचारा की या आठवड्यात तिने काय वाचलं, आणि मग ऐका.

प्रार्थनेत मन उडतं, याचं काय करायचं? पहिलं म्हणजे त्याने घाबरू नका. वाळवंटातल्या संन्याशांनी चौथ्या शतकात हीच तक्रार लिहून ठेवली आहे, आणि त्यांच्याकडे फोन नव्हते. मन उडणं हा मनाचा धर्म आहे. त्याला परत आणणं एवढंच आपलं काम, तेही न रागावता. मोठ्या प्रार्थनेच्या मागे लागू नका. आपल्याकडे लांब, ओघवती, आवाज चढत जाणारी प्रार्थना म्हणजे आत्मिक माणूस असा एक समज आहे. तो कुठून आला हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण आम्ही पाळकांनीच तो पसरवला. लूकच्या अठराव्या अध्यायात लांब प्रार्थना परूशाची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्याची, आहे. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, आणि त्याची अख्खी प्रार्थना एवढीच: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शतकानुशतकं लोक साधारण हेच शब्द प्रभूच्या नावाला जोडून श्वासाबरोबर म्हणत आले आहेत. बसमध्ये म्हणा. हिंजवडीच्या त्या ट्रॅफिकमध्ये भरपूर वेळ मिळतो, हे मी ऐकून आहे.

घरी पंधरा मिनिटं पुरेत. जागा तीच, वेळ तीच. आधी प्रभूची प्रार्थना, सावकाश. मग एक स्तोत्र. मग गप्प. बाजूला कागद-पेन्सिल ठेवा. ‘गॅस बुक करायचाय’ असं डोक्यात आलं तर लिहून टाका आणि परत या. तेच तेच पुन्हा येत असेल, समजा साहेबाचा राग, तर ते हाकलण्यापेक्षा तेच देवासमोर मांडा, कारण त्या घडीला तुमची खरी प्रार्थना तीच आहे. स्तोत्रांत शिव्याशापसुद्धा आहेत. देवाला ते चालले. सुरुवातीला १३१वं स्तोत्र घ्या, तीनच वचनं आहेत. माझं मन गर्विष्ठ नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही, दूध तुटलेलं मूल आईपाशी असावं तसा माझा जीव माझ्याठायी आहे. दूध तुटलेलं मूल, हे लक्षात घ्या. अंगावर पिणारं मूल आईजवळ जातं ते काहीतरी हवं असतं म्हणून. हे मूल काही मागायला आलेलं नाही.

झोपण्याआधी दोन मिनिटं दिवसाकडे मागे वळून पाहायचं, ही सवय मी कॅथलिक मित्रांकडून उचलली. इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात घालून दिलेली रीत आहे. आज देव कुठे भेटला, मी कुठे तोंड फिरवलं, एवढे दोन प्रश्न. आपण प्रॉटेस्टंट लोक असल्या गोष्टींकडे उगाच संशयाने पाहतो. वसईच्या गावांत संध्याकाळी घरोघर जपमाळेच्या प्रार्थनेला सगळं कुटुंब एकत्र बसायचं. ते पाहिल्यावर माझा संशय बराच गेला.

आपल्याकडेही संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होतीच की. दिवे लागले की एक गीत, थोडं वाचन, वडिलांची प्रार्थना, मग जेवण. तुमच्या आजोबांच्या घरी नक्की असणार. ती पुन्हा सुरू करा, पण दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका आणि उपदेश तर मुळीच करू नका. गीत लेकरांना निवडू द्या, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक काढून. मुलगी रोज तेच गीत निवडेल. निवडू द्या. मुलं मध्येच हसतील. हसू द्या. नगरच्या खेड्यांत दीडशे वर्षांपूर्वी ज्या लोकांनी ख्रिस्ताला धरलं, त्यांतल्या कितीतरी जणांना अक्षर येत नव्हतं. कृष्णराव सांगळ्यांसारखे ख्रिस्ती कीर्तनकार गावोगाव कीर्तन करत, आणि लोकांनी शुभवर्तमान गाण्यातून पाठ केलं. गावकीने विहिरीवर पाणी भरू दिलं नाही तेव्हा त्या लोकांच्या हातात पुस्तक नव्हतं, तोंडात अभंग होता. म्हणून पाठांतराला हसू नका. तेविसावं स्तोत्र, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ‘धन्य ते’ म्हणणारी वचनं, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, एवढं तरी लेकरांच्या आणि तुमच्या तोंडी असू द्या. अतिदक्षता विभागात चष्मा नसतो आणि फोन काढून घेतात. तिथे जे पाठ आहे तेवढंच बायबल.

साधेपण म्हणजे शांतता, असा अर्थ मात्र काढू नका. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जी जागृती झाली, ती शांत मुळीच नव्हती. शेकडो मुली आणि बायका एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत. पाहायला आलेले काही पाहुणे बिचकले. पण त्याच आवारात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली शिकत होत्या. आणि रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवत बसल्या होत्या, शिकलेल्या पंडितांसाठी नव्हे, आश्रमातल्या बायांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते काम चालू होतं. वर्षानुवर्षं एका टेबलाशी, एकाच ग्रंथावर. बाहेर इतका आवाज आणि आत इतकी एकाग्रता, एकाच बाईच्या आयुष्यात. तेव्हा तुमच्या शेजारच्या मंडळीत ड्रम वाजतात म्हणून ते उथळ, आणि तुमच्याकडे पेटी वाजते म्हणून तुम्ही खोल, असं काही नसतं. आवाज संपल्यावर सोमवारी काय होतं, ते पाहायचं.

साधेपण म्हणजे प्रश्न न विचारणंही नव्हे. काही लोक म्हणतात, साधा विश्वास ठेवा, फार विचार करू नका. हे मला पटत नाही. रमाबाई आणि टिळक, दोघांनीही आयुष्यभर प्रश्न विचारले, मिशनऱ्यांशी वाद घातले. साधी असते ती ओढ. डोकं साधं ठेवायची काही गरज नाही.

बातम्या बंद करायच्या का? नको. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेला, परका, तुरुंगातला हे सगळे येतात, आणि ते कुठे आहेत हे कळायला वर्तमानपत्र लागतं. दिवसातून एकदा वाचा, आणि वाचलेल्यापैकी एका गोष्टीसाठी तरी हातपाय हलवता येतात का पाहा. तुमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन कुठून आला आहे, त्याचं कुटुंब कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात जातो, शिष्य शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुला शोधताहेत. त्या कफर्णहूम गावात अजून आजारी लोक उरलेले असणार. तो म्हणतो, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. सगळ्यांची मागणी त्यानेही पुरवली नाही. पण पुढच्याच ओळींत कुष्ठरोगी समोर आला, तेव्हा हात पुढे करून त्याला शिवला.

लेंटमध्ये, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात, बरेच जण फोनचा उपवास करतात. चांगलं आहे, पण भस्म बुधवारी फोन बाजूला ठेवून ईस्टरच्या दुपारी सगळं भरून काढणार असाल तर नका करू. त्यापेक्षा वर्षभर रविवारी सकाळी उठल्यापासून उपासनेहून परत येईपर्यंत फोन कपाटात ठेवा. मुलं पाहतात.

एक गंभीर गोष्ट उरली. कधी कधी मन न लागणं हा विश्वासाचा प्रश्नच नसतो. झोप उडाली असेल, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नसेल, आपण देवाने टाकलेले आहोत असं दिवसरात्र वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा, पाळकाकडे त्याच्या जोडीला या. ‘विश्वास कमी पडला’ असं सांगून गोळ्या बंद करायला लावणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. एलीया संदेष्टा रतमाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला दिलं. देवाची मंद वाणी त्यानंतर आली, होरेब डोंगराला पोहोचल्यावर.

आणि ज्यांना असं काही नाही, नुसता कोरडेपणा आहे, त्यांनी वाचत आणि जात राहावं. कोरडे महिने येतात, माझेही आले, काही वेळा लांबले. त्या काळात नवा उपदेशक, नवं शिबिर, नवं गाणं शोधायला निघू नका. मार्कचा जो अध्याय आज आहे तो वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा, आणि भांडी धुवायची तुमची पाळी असेल तर चर्चला पाऊण तास आधी पोहोचा.